आवडीचें गाणें आणि त्याचा काळ

"गाणीं खरीं तीं आमच्या वेळचीं; अलीकडे गाणें राहिलें आहे कोठें?" हा उद्गार महाराष्ट्रांतील अनेक घरांत ऐकूं येतो. आज ज्यांनीं साठी ओलांडली आहे त्यांच्या मुखीं तो बहुधा १९७० ते १९८० या दशकांतील गाण्यांविषयीं असतो. सायंकाळीं ओटीवर बसलेले गृहस्थ एखाद्या जुन्या गाण्याचे सूर कानीं पडतांच बोलणें थांबवितात, डोळे मिटतात, आणि गाणें संपल्यावर वरील उद्गार काढतात. जवळ बसलेला नातू मनांतल्या मनांत हंसतो. त्याला तें गाणें वाईट वाटत नाहीं. परंतु आजोबांस त्यांत जें दिसतें तें त्याला दिसत नाहीं. या दोघांपैकीं बरोबर कोण, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. आवड ही केवळ मनाची लहर आहे, कीं तिलाही कांहीं इतिहास असतो, याचा निर्णय त्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हा उद्गार नवा नाहीं. संगीत नाटकांतील पदें घरोघर म्हटलीं जाऊं लागलीं तेव्हां जुन्या वळणाच्या मंडळींस तें मुलांना बिघडविणारें वाटलें. १९३१ सालीं हिंदी व १९३२ सालीं मराठी बोलपट अवतरला, आणि नाट्यपदांवर पोसलेल्या पिढीनें बोलपटांतील गाण्यांस नाकें मुरडलीं. गजानन वाटवे यांच्यासारख्या गायकांनीं कवितेस चाल लावून भावगीत लोकप्रिय केलें, तेव्हां शास्त्रोक्त गायकीच्या अभिमान्यांस तें पातळ वाटलें. पुढें भावगीतावर वाढलेली पिढी वडीलकीच्या पायरीवर चढली आणि १९७० नंतरच्या हिंदी चित्रपटगीतांतील पाश्चात्य वाद्यांच्या गलबल्याविषयीं तक्रार करूं लागली. म्हणजे ज्या गाण्यांस आजचे वृद्ध उत्तम गाण्यांचा शेवट मानतात, त्याच गाण्यांस त्यांचे वडील अधोगतीचा आरंभ मानीत होते.

हा क्रम पाहिला म्हणजे 'आमच्या वेळचीं गाणीं चांगलीं' या विधानास रसपरीक्षणाचें प्रमाण समजतां येत नाहीं. परंतु म्हणून तें अगदींच पोकळ ठरतें असेंही नाहीं. त्या काळाच्या गाण्यांत व आजच्या गाण्यांत एक भेद खरोखर आहे. मात्र तो सुरांत किंवा शब्दांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. गाणें कसें ऐकलें जाई, कोणाबरोबर ऐकलें जाई व कोणाच्या इच्छेनें ऐकलें जाई, यांत तो आहे.

ही ऐकण्याची रीत समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारांत नभोवाणीचे मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे व अभिजात संगीताचे कडवे अभिमानी. चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडते असें त्यांचें ठाम मत होतें, आणि त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीं आकाशवाणीवरून तीं गीतें जवळजवळ हद्दपार झालीं. हेतु थोर होता, परंतु परिणाम उलटा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि भारतांतील रेडिओंचे कांटे कोलंबोकडे वळले. जें गाणें दिल्लीस नको होतें तें समुद्रापलीकडून येऊं लागलें. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीनेंच 'विविध भारती' ही मनोरंजनाची सेवा उघडली. कवि नरेंद्र शर्मा तिच्या उभारणींत अग्रभागीं होते. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर येथें तिच्यावर जाहिरातीही लागूं लागल्या. १९७० साल उजाडलें तेव्हां मंत्र्यांनीं पुढल्या दारानें घालविलेलें गाणें सरकारच्याच घरांत मागल्या दारानें परत येऊन स्थिरावलें होतें.

तरीही हें गाणें विपुल नव्हतें. त्या काळीं रेडिओ बाळगण्यास परवाना लागे व त्याचें वार्षिक शुल्क टपाल कचेरींत भरावें लागे. मुंबईच्या चाळींत प्रत्येक खोलींत रेडिओ नसे. ज्याच्या घरीं असे, त्याच्या उंबरठ्यावर शेजारचीं मुलें येऊन बसत, आणि घरधनीण त्यांना हुसकावण्याऐवजीं आवाज थोडा वाढवी. खेड्यांत ग्रामपंचायतीचा रेडिओ सर्वांसाठीं वाजे. पुढें ट्रॅन्झिस्टर आला, आणि गाणें शेताच्या बांधावर, बैलगाडींत व गिरणीकामगाराच्या उशाशीं जाऊन पोहोंचलें. परंतु एवढ्यानें तें एकट्याचें झालें नाहीं. एका ट्रॅन्झिस्टरभोंवतीं चार माणसें जमत. किंबहुना ट्रॅन्झिस्टर मोठ्यानें लावणें हा शेजारधर्मच समजला जाई. रेडिओखेरीज गाणें भेटे तें गणेशोत्सवाच्या मांडवांतील कर्ण्यावर, लग्नाच्या वरातींतील बँडवर, इराण्याच्या हॉटेलांत, आणि फार तर गावांतल्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत. या सर्व ठिकाणीं ऐकणारा एकटा नसे, आणि कोणतें गाणें लागावें हेंही त्याच्या हातीं नसे.

यंत्रानें गाणें विकत घेऊन ठेवण्याची सोय थोड्याच घरांत होती. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या याच सुमारास मागें पडल्या व त्यांच्या जागीं लहान व मोठ्या आकाराच्या नव्या तबकड्या आल्या. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडम येथें होता. त्या तबकड्या, त्या वाजविण्याचें यंत्र आणि त्याची सुई हा सारा सरंजाम मध्यमवर्गीय शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारांत सहज बसणारा नव्हता. म्हणून बहुसंख्य लोकांचा आधार रेडिओ हाच राहिला, आणि रेडिओचा नियम असा होता कीं गाण्याच्या वेळेस ऐकणाऱ्यानें हजर राहिलें पाहिजे.

बुधवारची रात्र हें याचें उत्तम उदाहरण होय. रात्रीं आठ वाजतां रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांचा आवाज येई. भगिनींस आधीं व बंधूंस मागून संबोधण्याची त्यांची लकब मुलांनाही पाठ झाली होती. हा कार्यक्रम मुंबईंत मुद्रित होई, विमानानें कोलंबोस जाई, आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन पुन्हां मुंबईच्याच चाळींत उतरे. लंकेनें १९७२ सालीं आपलें नांव बदललें, तरी लोकांच्या तोंडीं 'सिलोन' तें सिलोनच राहिलें. त्या केंद्राचा आवाज कधीं स्वच्छ येई, कधीं लाटेसारखा पुढेंमागें होई. ऐन आवडीच्या कडव्यास खरखर सुरू झाली म्हणजे घरांतील कर्ता मुलगा उठून कांटा केसभर इकडे, केसभर तिकडे करी, आणि बाकीचे श्वास रोधून बसत. त्या दिवशीं मुलें अभ्यास लवकर उरकीत व स्त्रिया स्वयंपाक आठाच्या आंत हातावेगळा करीत. गाणीं 'पायदानां'वर म्हणजे पायऱ्यांवर चढत वा उतरत, आणि त्या चढउतारावर दुसऱ्या दिवशीं शाळेंत पैजा लागत. क्रम ठरे तो तबकड्यांच्या खपावरून व श्रोत्यांच्या मंडळांनीं कळविलेल्या पसंतीवरून.

श्रोत्याच्या हातीं एकच साधन होतें, तें पोस्टकार्ड. आकाशवाणीवरील 'आपली आवड' या कार्यक्रमास आणि विविध भारतीच्या फर्माइशीच्या कार्यक्रमांस गावोगावचीं पत्रें जात. त्या वेळीं बिहारांत असलेलें व आज झारखंडांत असलेलें झुमरी तलैया हें अभ्रकाच्या खाणींचें गांव केवळ अशा पत्रांमुळें देशभर प्रसिद्धीस आलें. कित्येकांस तर तें निवेदकांनीं कल्पिलेलें गांव वाटे. एका गाण्यासाठीं अनेक ठिकाणच्या अनेक जणांचीं नांवें वाचलीं जात. गाणें तीन-चार मिनिटांचें, परंतु त्यापूर्वीं त्या नांवांच्या मालिकेंत आपलें नांव येतें कीं काय याची उत्सुकता कांहीं निराळीच असे. ज्याचें नांव उच्चारलें जाई त्याला गांवांत दोन दिवस मान मिळे. यावरून दिसून येईल कीं, त्या काळीं 'माझें आवडतें गाणें' या शब्दांतील 'माझें' हा शब्द पुरता खरा नव्हता. आवड एकट्याची असली तरी ती पुरी व्हावयास सातारा, अकोला, रत्नागिरी येथल्या अनोळखी माणसांची तीच आवड असावी लागे.

या दुर्मिळतेचा दुसरा परिणाम स्मरणशक्तीवर झाला. गाणें पुन्हां केव्हां लागेल याचा नेम नसल्यामुळें तें कान टवकारून ऐकावें लागे. विद्यार्थी वहीच्या मागल्या पानावर शब्द उतरून घेत. पहिल्या खेपेस ध्रुवपद हातीं येई, दुसऱ्या खेपेस पहिलें कडवें. मध्यें गाळलेली ओळ वर्गांतील दुसऱ्या कोणीं टिपलेली असे, आणि मधल्या सुट्टींत दोन वह्या मिळून एक गाणें पुरें होई. चित्रपटगृहाच्या दारीं थोडक्या पैशांत गाण्यांची चोपडी मिळे, तिच्यावरून मग शुद्धाशुद्ध पाहिलें जाई. ज्या मुलांस पाठ्यपुस्तकांतील कविता पाठ होत नसे, त्यांस हीं गाणीं अशा रीतीनें पाठ झालीं, आणि पन्नास वर्षांनंतरही तीं ओठांवर आहेत. यांत गाण्याचा गुण किती आणि त्यासाठीं केलेल्या श्रमाचा गुण किती, हें वेगळें करून दाखविणें कठीण आहे.

आतां खुद्द गाण्यांकडे वळूं. बिनाका गीतमालेच्या वार्षिक याद्यांत अग्रस्थानीं आलेलीं गाणीं पाहिलीं तर तीं सारींच उच्च प्रतीचीं होतीं असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु त्या त्या वर्षाचा कांहीं ना कांहीं ठसा त्यांच्यावर उमटलेला दिसतो. १९७१ सालचें पहिलें गाणें 'अंदाज' या चित्रपटांतील, वेगानें जाणाऱ्या आयुष्याचें व किशोरकुमारांच्या उमद्या आवाजांतील होतें. त्याच वर्षीं १२ सप्टेंबरला शंकर-जयकिशन या त्याच्या संगीतकारद्वयांतील जयकिशन कालवश झाले, आणि हसऱ्या चालीस लोकांच्या मनांत दुःखाची किनार लागली. १९७२ सालीं पहिलें आलें तें 'हरे राम हरे कृष्ण' या चित्रपटांतील आशा भोसले यांचें गाणें. देव आनंद यांनीं तो चित्रपट गांजाच्या नादीं लागलेल्या तरुणांची दुर्दशा दाखविण्यासाठीं काढला होता. लोकांनीं उपदेश बाजूस ठेवला आणि गाणें उचललें. वडीलधारी माणसें तें लागतांच रेडिओ बंद करीत, व मुलें शेजारीं जाऊन तें पुरें करीत. त्याच मुलांच्या आज पिकलेल्या मिशांखालीं तें गाणें हंसत हंसत येतें.

१९७३ सालीं 'जंजीर' मधील मन्ना डे यांनीं गाइलेलें पठाणाच्या मैत्रीचें गाणें अग्रभागीं होतें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत बोलकी यादी १९७५ सालची होय. १९७३ च्या अखेरीस जगांत तेलाचे भाव भडकले, १९७४ सालीं देशांत महागाईनें कहर केला, मे महिन्यांत रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. मुंबईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखालीं गृहिणी त्यापूर्वींच लाटणीं घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. अशा वेळीं 'रोटी कपडा और मकान' या चित्रपटांतील, वर्मा मलिक यांनीं लिहिलेली महागाईची कव्वाली घरोघर वाजली आणि वार्षिक यादींत पहिली आली. ती काव्य म्हणून श्रेष्ठ नाहीं. परंतु शिधापत्रिका हातीं घेऊन रांगेंत उभ्या असलेल्या माणसास आपलें दुःख ढोलकीच्या ठेक्यावर ऐकावयास मिळालें, आणि तें आपल्या एकट्याचें नाहीं हें उमजलें. लोकप्रिय गाण्याचें कार्य म्हणतात तें बहुधा हेंच. पुढल्याच वर्षीं 'कभी कभी' या चित्रपटाचें, साहिर लुधियानवी यांच्या शब्दांचें व खय्याम यांच्या चालीचें गाणें पहिलें आलें. तें गाणारे मुकेश त्याच वर्षीं २७ ऑगस्ट रोजीं अमेरिकेंत डेट्रॉइट येथें, गाण्याच्या दौऱ्यावर असतांनाच निधन पावले. म्हणजे वर्षाच्या अखेरीस तें गाणें वाजलें तेव्हां गाणारा या जगांत नव्हता. महागाईची कव्वाली आणि हें मृदु प्रेमगीत एकाच श्रोत्यास एकापाठोपाठ प्रिय झालीं, यावरून लोकांची रुचि एकेरी नसते हें स्पष्ट होतें.

मराठी गाण्याची कथा याहून कांहींशी निराळी आहे. १९७२ सालीं महाराष्ट्रांत भीषण दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें राबत होतीं. खडी फोडणें, तळीं खणणें, रस्ते घालणें, आणि दुपारीं सुकडी खाऊन पुन्हां कामास लागणें असा तो काळ. त्याच १९७२ सालीं व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' प्रदर्शित झाला. तमासगिरिणीच्या मोहांत सांपडलेल्या आदर्श गुरुजींची ती शोककथा. तिच्यांतील लावण्या जगदीश खेबुडकर यांनीं लिहिल्या, राम कदम यांनीं त्यांना चाली दिल्या आणि उषा मंगेशकर यांनीं त्या गाइल्या. खेबुडकर हे स्वतः पेशानें शिक्षक होते ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दिवसा फळ्यावर व्याकरण लिहिणाऱ्या हातानें लावणीचा शब्द न शब्द इतका अचूक बसविला कीं, पांढरपेशा घरांत जो प्रकार उंबऱ्याबाहेर ठेवला जाई तो रेडिओच्या वाटेनें माजघरांत शिरला. सोवळ्यांतील आजीबाईही तिचा ठेका धरीत, मग शब्दांकडे कानाडोळा करीत.

१९७४ सालीं शिवराज्याभिषेकास ३०० वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्तानें हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतांत लता मंगेशकर यांनीं गाइलेला 'शिवकल्याण राजा' हा संच निघाला. समर्थ रामदास व कवि भूषण यांच्यापासून अर्वाचीन कवींपर्यंतच्या रचना त्यांत एकत्र आल्या, आणि ज्यांनीं कवितेचें पुस्तक कधीं उघडलें नाहीं त्यांच्याही कानीं त्या पडल्या. १९७७ सालीं 'जैत रे जैत' आला. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट डोंगरांत राहणाऱ्या ठाकर लोकांचा. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार पुन्हां हृदयनाथ मंगेशकर. गीतें लिहिलीं तीं ना. धों. महानोर यांनीं. महानोर हे औरंगाबाद जिल्ह्यांतील, आतांच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील, पळसखेडें येथील शेतकरी. 'रानांतल्या कविता' हा त्यांचा संग्रह १९६७ सालीं प्रसिद्ध झाला होता व जाणत्यांनीं त्याची वाखाणणी केली होती. परंतु कवितासंग्रह वाचणारे हजारांत किती असतात? चित्रपटाच्या द्वारें त्यांचे रानांतले शब्द कोंकणच्या खलाशापर्यंत व विदर्भांतील कास्तकारापर्यंत गेले. १९७९ सालच्या 'सिंहासन' या चित्रपटानें सुरेश भट यांच्या कवितेस अशीच वाट मोकळी केली. या दशकांत मराठी कविता व मराठी जनता यांची गांठ गाण्यानें घालून दिली, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

कांहीं गाणीं तर करमणुकीचें क्षेत्र ओलांडून गेलीं. १९७१ सालच्या 'गुड्डी' या चित्रपटांत वसंत देसाई यांनीं गुलजार यांच्या शब्दांस चाल देऊन एक प्रार्थना बसविली आणि वाणी जयराम यांनीं ती गाइली. कोंकणांत जन्मलेल्या देसायांचीच 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटांतील प्रार्थना शाळांतून म्हटली जात होती. आतां ही दुसरी तिच्या जोडीस आली. चित्रपटगीतास वर्गांत मज्जाव करणाऱ्या शाळांनीं चित्रपटांतीलच गीत परिपाठांत घेतलें, आणि त्यांत कोणास विसंगति वाटली नाहीं. १९७५ सालच्या 'जय संतोषी माँ' या अल्पखर्ची चित्रपटाचें भाग्य याहून विलक्षण. कवि प्रदीप यांचे शब्द, सी. अर्जुन यांचें संगीत व उषा मंगेशकर यांचा कंठ लाभलेल्या त्याच्या गाण्यांच्या वेळीं प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत व पडद्यावर फुलें उधळीत. बाजारांत विकावयास काढलेली वस्तु लोकांनीं देव्हाऱ्यांत नेऊन ठेविली. कोणतें गाणें कोणत्या कामीं यावें हें करणारा ठरवीत नाहीं, ऐकणारा ठरवितो.

येथवर त्या काळाच्या समाइक ऐकण्याचा गौरव झाला. परंतु इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. सर्वांचें गाणें एका केंद्रावरून येत होतें. म्हणजेच त्याची कळ एका हातीं होती. त्या हातानें ती फिरविली तर काय होतें, हें १९७६ सालीं दिसून आलें. देशांत जून १९७५ पासून आणीबाणी लागू होती. किशोरकुमार यांनीं सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारास सहकार्य देण्याचें नाकारलें, तेव्हां ४ मे १९७६ पासून त्यांचीं गाणीं आकाशवाणीवर व दूरदर्शनवर लावूं नयेत असें ठरलें. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगानें या प्रकरणाची नोंद केली आहे. श्रोत्यांस याची वर्दी कोणीं दिली नाहीं. रोज दहा वेळां येणारा आवाज एकाएकीं येईनासा झाला, एवढेंच त्यांना कळलें. तबकडी ज्याच्या घरीं होती तो दार लावून ती ऐकूं शकत होता. ज्याचा आधार रेडिओ, त्याला मुकाट्यानें बसावें लागलें. केसकरांनीं अभिरुचीच्या नांवाखालीं जें केलें तें येथें आज्ञापालनाच्या नांवाखालीं झालें. दोन्ही प्रसंगीं हेतु भिन्न होते, हें खरें. परंतु ऐकणाऱ्याची संमति दोन्ही प्रसंगीं कोणीं विचारली नाहीं. जुन्या काळाच्या गोड आठवणी काढणारांनीं ही एक आठवण गाळूं नये.

दशक संपतां संपतां ही सारी व्यवस्था पालटूं लागली. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शन सुरू झालें होतें, व 'छायागीत' पाहण्यासाठीं शेजारीपाजारी एका खोलींत दाटीनें बसूं लागले होते. हें ऐकण्याच्या जुन्या रीतीचेंच पुढलें पाऊल होय. खरा पालट ध्वनिफितीनें केला. आखाती देशांत नोकरीस गेलेले कोंकणांतील तरुण सुट्टीवर येतांना रेडिओ व ध्वनिफीत एकत्र असलेलें यंत्र खांद्यावरून आणूं लागले. ज्याला जें गाणें हवें तें त्यानें हवें तेव्हां, हवें तितक्या वेळां लावावें, अशी सोय प्रथमच सामान्य माणसाच्या हातीं आली. १९८० नंतर फिती स्वस्त झाल्या, पुढें रेडिओचा परवानाही गेला. ३१ जुलै १९८० रोजीं महंमद रफी यांचें निधन झालें, आणि मुंबईच्या भर पावसांत त्यांच्या अंत्ययात्रेस अफाट जनसमुदाय लोटला. त्या गर्दींतील बहुतेकांनीं त्यांना कधीं प्रत्यक्ष पाहिलें नव्हतें. त्यांची ओळख केवळ रेडिओच्या पेटींतून झालेली होती. गीतमालेचे निवेदक अमीन सयानी यांचें निधन २० फेब्रुवारी २०२४ रोजीं झालें, तेव्हां साठीच्या घरांतील असंख्य माणसांस आपल्याच घरांतील कोणी गेल्यासारखें वाटलें, त्याचेंही कारण हेंच.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊं. नातवाच्या खिशांत आज लक्षावधि गाणीं आहेत. त्याला कोणा मंत्र्याची परवानगी नको, बुधवारची वाट पाहणें नको, शेजाऱ्याचा उंबरठा नको. हा लाभ लहान नाहीं. चार भिंतींआड ज्या मुलीस पूर्वीं आपल्या आवडीचें गाणें मोठ्यानें लावण्याची मुभा नव्हती, ती आज तें निवांत ऐकूं शकते. ज्या बोलीस आकाशवाणीच्या केंद्रावर कधीं जागा मिळाली नाहीं तिच्यांतील गाणींही आज निघतात व ऐकलीं जातात. हें सारें सोडून पुन्हां एका रेडिओभोंवतीं बसावें असें आजोबांनाही खऱ्या अर्थानें वाटत नसेल.

तथापि आजोबांचा उद्गार खोटा नाहीं. त्यांचे शब्द मात्र चुकतात. 'तीं गाणीं चांगलीं होतीं' असें ते म्हणतात. त्यांच्या मनांत असतें तें हें कीं, त्या गाण्यांबरोबर माणसें होतीं. एकच गाणें त्याच क्षणीं शेजारच्या खोलींत, पलीकडच्या गल्लींत आणि दूरच्या गांवीं मामाच्या घरीं ऐकलें जात आहे, ही जाणीव त्या ऐकण्यांत मिसळलेली होती. गाण्याची बरीवाईट पारख ही ज्याच्या त्याच्या काळाची असते व पुढला काळ ती फिरवितो. परंतु गाणें ज्यांच्यासमवेत ऐकलें तीं माणसें फिरून येत नाहींत, म्हणून गाणें लागतांच डोळे मिटतात.

यासाठीं नातवानें आजोबांशीं गाण्याच्या गुणावगुणांचा वाद घालूं नये. त्यानें एवढेंच विचारावें, "आजोबा, हें गाणें तुम्हीं पहिल्यानें कोठें ऐकलेंत?" मग उत्तर येईल तें गाण्याविषयीं असणार नाहीं. कोणी दुष्काळी कामावरील बाभळीच्या फांदीस अडकविलेल्या ट्रॅन्झिस्टरची हकीकत सांगेल. कोणी लाटणें हातीं घेऊन मोर्च्यास गेलेल्या आईची. कोणी परीक्षेच्या आदल्या रात्रीं चोरून ऐकलेल्या गीतमालेची. कोणी एकाएकीं मुक्या झालेल्या आवाजाची. पाठ्यपुस्तकांत या हकीकती सांपडत नाहींत. त्या सांगणारीं माणसें आहेत तोंवर त्या विचारून ठेवाव्या.